नावे ठेवणारे

माझ्या एका कादंबरीतील गावाला मी 'आनंदपूर' असे नाव ठेवले होते. गाव अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत कल्पिलेले. शाळेतल्या एका मुलाने पुस्तक घरी नेले आणि आजोबांना वाचून दाखविले. पुढे बाजारात गाठ पडली तेव्हा म्हातारबुवा एवढेच म्हणाले, "मास्तर, गोष्ट ब्येस हाय. पन गावाचं पानी कोनीकडं वाहतं, त्ये नावावरनं उमगंना."

टीकाकारांनी त्या कादंबरीला पुष्कळ नावे ठेवली. इतके वर्मी एकही लागले नाही. 'पूर' जोडले की गाव झाले, असा आम्हा लेखकांचा समज. मग उरलेली उणीव 'निसर्गरम्य' या शब्दाने भरून काढावयाची!

आमच्या मुलखातील खरी नावे पाहा. हरिश्चंद्रगडाचा पश्चिमेकडील कडा तो कोकणकडा. कडा काही कोकणातला नव्हे. तेथे उभे राहिले की पायाखाली खोल कोकण दिसते. म्हणजे नाव ठेवणारा देशावरचा आहे आणि काठावर उभा राहून बोलतो आहे. निवेदक कोठे उभा आहे हे आम्हाला तीनशे पानांत दाखविता येत नाही. येथे ते एका शब्दात साधले. खालून वर येणारी अरुंद घळ ती नळी. साम्रदजवळ दोन कड्यांमधली चीर ती सांधण. निघोजला कुकडीच्या पाण्याने गोटे गरगर फिरवून काळ्या खडकात वाटोळे खळगे कोरले. लोक त्यांना रांजणखळगे म्हणतात. ही उपमा पाणी भरणाऱ्या एखाद्या बाईलाच सुचली असावी, असे मला आपले वाटते.

भंडारदरा म्हटले की दोहों बाजूंचे डोंगर आणि मधली प्रवरा डोळ्यांपुढे येते. तेथे १९२६ साली धरण पुरे झाले. धरणाला नाव विल्सनचे, जलाशयाला आर्थरचे. त्या पाण्यावर खाली ऊस पिकला, हे मी विसरत नाही. पण लोक अजून भंडारदऱ्याचे धरणच म्हणतात.

स्कॉटलंडच्या गेलिक लोकांची रीतही हीच. 'इन्व्हर' म्हणजे नदीचे मुख. नेस नदी समुद्राला मिळते तेथे इन्व्हरनेस. प्रवरेला म्हाळुंगी मिळते त्या आमच्या संगमनेरचा हा दूरचा भाऊच! आयर्लंडातील अशा नावांना इंग्रजी वेष चढविला गेला, त्यावर ब्रायन फ्रील यांनी १९८० साली 'ट्रान्स्लेशन्स' हे नाटक रंगभूमीवर आणले. फ्रीलही आधी शाळामास्तर होते, हे जाता जाता सांगतो.

सगळीच नावे अशी नसतात. आमचे शहर अहमद निजामशहाच्या नावाचे होते, २०२४ पासून अहिल्यादेवींच्या नावाचे झाले. ती नावे मानाची. त्यांना ओढ्याची वाट विचारू नये.

दुसऱ्या आवृत्तीसाठी मी आनंदपूर खोडून 'उंबरदरा' केले आणि हौसेने म्हातारबुवांना सांगितले. ते जरा थांबले.

"मंग पहिल्या पानावर येवढ्या सकाळी ऊन कसं पडलं? दऱ्यात दिस उशिरा येतो."

पहिले प्रकरण पुन्हा लिहावयास घेतले आहे.