क्यूआर कोड दिसला, कन्नड दिसली नाही

पेट निघाली की पुढचं संकट म्हणजे आराखडा. शिक्षणशास्त्राकडे वळणार असाल तर ‘डिजिटल माध्यमे आणि शिक्षकांची व्यावसायिक ओळख’ हा विषय कुणीतरी सुचवेलच. विषय चांगलाय. माझा आक्षेप त्यातल्या ठरलेल्या उदाहरणावर आहे: रणजितसिंह डिसले गुरुजी.

सोलापूर जिल्ह्यातली परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा, क्यूआर कोडची पुस्तकं, डिसेंबर 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज, दहा लाख डॉलर. यावरून आपण लगेच लिहून टाकतो, ‘तंत्रस्नेही शिक्षक ही नवी ओळख’. पण त्या पुरस्काराच्या माहितीतला क्रम वाचा. तिथल्या मुलींची भाषा कन्नड, पुस्तकं वेगळ्या भाषेत. गुरुजी कन्नड शिकले, पुस्तकं मुलींच्या भाषेत आणली आणि कोड जोडले तेही कन्नड कविता-गोष्टी ऐकवायला. आपण कोड उचलला, भाषा तिथंच सोडली.

आता हिंगोलीत या. सेनगाव, कळमनुरीकडच्या तांड्यांवर लेकरं घरी गोरमाटी बोलतात. पुस्तकातला कोड स्कॅन केला की दीक्षावर मराठी व्हिडिओ. सर तंत्रस्नेही झाले, पहिलीतल्या पोराची अडचण जिथल्या तिथं!

प्रशिक्षणाचंही तसंच. निष्ठा 2019 मध्ये समोरासमोर सुरू झालं, ऑक्टोबर 2020 पासून दीक्षावर आलं, 18 मॉड्यूल. कोर्स संपला की प्रमाणपत्र. कोरोनात दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. पण प्रमाणपत्रं मोजता येतात म्हणून संशोधकानंही तीच मोजायची?

मग येते पाच पर्यायांची प्रश्नावली: ‘मी डिजिटल साधने आत्मविश्वासाने वापरतो.’ यातून आत्मविश्वास कळेल, तोही सांगण्यापुरता. ओळख म्हणजे शिक्षक स्वतःला कुणाला बांधील समजतो, हे. ते कळायला साधा प्रश्न पुरतो: सर, वर्गातले शेवटचे दहा फोटो कुणासाठी काढले? पालकांसाठी, वरच्या ग्रुपवर टाकायला, की मुलांनाच दाखवायला? (फोटो मागू नका, त्यात लेकरांचे चेहरे असतात. फक्त विचारा.)

अशा मुलाखती बारा-पंधरा शिक्षकांच्याच होतील. गाईड म्हणतील, नमुना एवढाच? तर प्रश्नावलीही ठेवा. फक्त ती केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून पाठवू नका. साहेबांच्या ग्रुपवर ‘असहमत’ कोण निवडणार?