सत्यमचे पत्र : एक वाचन

लेखाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. कंपन्यांचे वार्षिक अहवाल मी वाचत आलो ते गद्य म्हणून. ज्या गद्याच्या भरवशावर लोक आयुष्याची बचत गुंतवतात, त्याची समीक्षा मराठीत का होऊ नये, हे मला कळत नाही.

या गद्याचा सर्वांत बोलका नमुना एका पत्रात आहे. ७ जानेवारी २००९ रोजी बी. रामलिंग राजू यांनी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या संचालक मंडळाला ते लिहिले. त्याआधी जेमतेम चार महिन्यांपूर्वी याच कंपनीला उत्तम कारभाराबद्दल 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळाला होता (पुढे तो काढून घेतला गेला).

पत्रातले आकडे नेटके आहेत. पुस्तकात रोख व बँकशिल्लक ५,३६१ कोटी; त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. सप्टेंबरच्या तिमाहीत दाखवलेला कामकाजी नफा ६४९ कोटी, खरा ६१ कोटी. फरक ५८८ कोटींचा, आणि त्या तिमाहीत खोटी शिल्लकही नेमकी तेवढीच वाढली. खोट्या नफ्याला ताळेबंदात कुठेतरी बसवावेच लागते. येथे त्याला सर्वांत निरुपद्रवी ओळ मिळाली. येणी बुडतील, मालाची किंमत फुगवलेली असेल, अशी शंका वाचक घेतो. बँकेतल्या पैशावर कोण घेणार? लेखापरीक्षकाने बँकेकडून थेट, स्वतंत्र खातरजमा करून घ्यायची, एवढाच तो प्रश्न होता.

आता भाषा पाहा. नफ्यातली तफावत सुरुवातीला किरकोळ होती आणि वर्षानुवर्षे वाढत गेली, असे राजू सांगतात. 'वाढवली' नव्हे, 'वाढत गेली'. आकडे कोटीपर्यंत चोख, पण वाक्यातून कर्ता गायब! वाघावर बसल्याची उपमाही त्याच जातीची : स्वार संकटात दिसतो, तो वाघावर चढला कसा हे राहून जाते. मंडळातल्या कुणालाही कल्पना नव्हती, आपण एक रुपयाही घेतला नाही, असेही पत्र म्हणते. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवले. त्यांत त्यांचे भाऊ, कंपनीचे वित्तप्रमुख आणि दोन लेखापरीक्षक होते. म्हणजे कबुलीतही प्रकटीकरण अर्धेच होते.

२०१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षक ठरावीक मुदतीनंतर बदलणे मोठ्या कंपन्यांवर बंधनकारक केले, २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण आले. दोन्ही आवश्यकच. अहवाल मात्र जाड होत गेले, आणि कर्ता नसलेली वाक्ये त्यांत आजही भरपूर सापडतात.

अहवाल हाती आला की मी अध्यक्षांचे मनोगत उलटून पुढे जातो. ठेवींची रक्कम आणि त्यांवरचे व्याज शेजारी मांडून बघतो. ही युक्ती सत्यमपुढे कितपत टिकली असती, याविषयी मला शंका आहे. नसलेल्या पैशांवरचे ३७६ कोटींचे व्याजही तिथे रीतसर लिहून ठेवले होते.