यंत्रांतील पोथी आणि तिची पाठचिकित्सा

भारताच्या प्रताधिकार-कायद्यास १९८४ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें संगणकाच्या कार्यक्रमास वाङ्मयाच्या पंक्तीस बसविलें. कायदेपंडितांना त्यांत सोय दिसली असेल. वाङ्मयाच्या उपासकांनीं मात्र ह्या नव्या पाहुण्याकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. १९५४ च्या कायद्यान्वयें छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकानें मुंबईच्या टाऊन हॉलांतील मध्यवर्ती ग्रंथालयास धाडावयाची असते. पाककृतींचें चोपडें असलें तरी त्यास तेथें जागा आहे, कार्यक्रमास नाहीं. एका कायद्यानें ज्यास वाङ्मय म्हटलें त्यास दुसरा ओळखीत नाहीं, आणि ह्या फटींतून एका सबंध काळाचें लेखन गळून जात आहे.

आमचा रोख १९८० च्या दशकांतील घरगुती संगणकांवर आहे. १९८२ सालीं ब्रिटनमध्यें निघालेला सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम, पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनें काढलेला त्याचा देशी अवतार ‘डीबी स्पेक्ट्रम’, आणि १९८४-८५ पासून ‘क्लास’ योजनेखालीं आपल्या शाळांत आलेला बीबीसी मायक्रो, हीं तीं यंत्रें. दूरचित्रवाणीच्या पेटीला व टेपरेकॉर्डरला जोडून तीं वापरीत. आतां गिरगांव-परळच्या चाळींचा पुनर्विकास होतो, माळे रिकामे होतात, आणि त्यांवरचें असें एखादें यंत्र भंगारवाल्याच्या तराजूंत जातें. पेटी गेली ह्याचें दुःख आम्हांस फारसें नाहीं. तिच्यांतील एका चिपेंत कायमचा कोरलेला जो मूळ कार्यक्रम, ज्यास फर्मवेअर म्हणतात, त्याचें आहे. तो नसेल तर यंत्र मुकें. निर्णयसागरचा एखादा ठसा हरवला तरी त्यानें छापलेलें पान अक्षर दाखवितें. येथें ठसा गेला कीं पानहि कोरें होतें.

हें लेखन क्षुल्लक आहे असें कोणीं समजूं नये. स्पेक्ट्रमचा संपूर्ण मूळ कार्यक्रम १६,३८४ बाइटांचा, म्हणजे मासिकाच्या चारसहा पानांत मावेल एवढा. स्टीव्ह व्हिकर्स ह्यांनीं त्याचा मोठा भाग रचला आणि तो पुरता होण्याआधींच यंत्र बाजारांत गेलें. त्यामुळें कांहीं चुका त्यांत कायमच्या राहून गेल्या. १९८३ सालीं इयन लोगन व फ्रँक ओहारा ह्यांनीं ह्या कार्यक्रमाचें आज्ञावार विवरण पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. ओवीओवीवर टीका लिहिण्याची आमची परंपरा ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांस हा प्रकार परका वाटणार नाहीं.

बीबीसी मायक्रोची गोष्ट तर पोथीवाल्यांनीं आवर्जून ऐकावी. त्याच्या १·२० ह्या आवृत्तीच्या चिपेंत ७६८ बाइटांची एक जागा अशी आहे कीं, चालू यंत्रास ती दिसतच नाहीं. त्या पत्त्यांवर चिपेऐवजीं बाहेरच्या उपकरणांशीं बोलणारे भाग उत्तर देतात. त्या अदृश्य जागेंत कर्त्यांनीं यंत्राच्या निर्मितीस हातभार लावणारांचीं नांवें लिहून त्यांचे आभार मानले आहेत. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव-गांव घालतो तशी ही पुष्पिका. यंत्र चालवून त्याच्याकडूनच स्वतःची नक्कल करवून घेणारास ती कधींच मिळावयाची नाहीं. चिप उपटून, वेगळ्या वाचकयंत्रांत बसवून वाचणारासच ती मिळते.

आमची मुख्य तक्रार येथूनच सुरू होते. हौशी लोकांनीं ह्या क्षेत्रांत जें काम केलें आहे तें विद्यापीठांना लाजविणारें आहे, हें प्रथम मान्य करूं. परंतु त्यांतील पुष्कळांची समजूत अशी कीं, एक नक्कल उतरली म्हणजे रक्षण झालें. कोणत्या यंत्रांतील चिप, तिच्यावर काय छापलें होतें, किती वेळां वाचली, दुसऱ्या चिपेशीं ताडून पाहिली काय, ह्याचा पत्ता नसतो. खिडकीच्या जातीच्या चिपांत, ज्यांस ईप्रॉम म्हणतात, अक्षर म्हणजे कोंडून ठेवलेला विद्युद्भार. तो वर्षानुवर्षें झिरपत जातो. खिडकीवरील कागद निघून ऊन लागलें तर कांहीं आठवड्यांतहि पाठ पुसला जातो. मुंबईच्या दमट हवेनें पाय गंजले म्हणजे वाचनांत निराळाच घोटाळा. अशा चिपेवरून घेतलेली एकुलती नक्कल ही वाळवी लागलेल्या पोथीची नक्कल होय.

त्याहून वाईट खोड सुधारणेची. स्पेक्ट्रमच्या चुका दुरुस्त केलेल्या प्रति कित्येकांनीं तयार केल्या. त्या करण्यास आमची हरकत नाहीं. एकनाथांनीं १५८४ सालीं ज्ञानेश्वरी शुद्ध केली, पण आपण काय केलें तें सांगून केली. दुरुस्त प्रत मूळाच्या नांवानें फिरूं लागते तेव्हां मात्र तो अपराध ठरतो. भांडारकर संस्थेंत डॉ. सुकथनकर महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध करीत असतां गणपति लेखक झाल्याची लोकांची लाडकी कथा त्यांनीं मूळ संहितेंतून काढली, पण टाकली नाहीं, परिशिष्टांत ठेवली. १९३३ सालीं पुऱ्या झालेल्या त्या आदिपर्वाची शिस्त ह्या मंडळींनीं अभ्यासावी. ‘मेम’ ह्या प्रकल्पानें, १९९७ पासून, जवळजवळ तीच शिस्त आपल्या बुद्धीनें शोधून काढली: प्रत्येक चिपेच्या पाठाची गणिती खूण नोंदावयाची आणि संशयित नकलेवर तसा शेरा मारावयाचा.

अर्थात् उपमा ताणूं नये. सुकथनकरांसमोर व्यासांची स्वहस्तप्रत नव्हती. येथें एकाच साच्यांतल्या हजारों प्रति आहेत. दोन चिपांत फरक निघाला तर तो बहुधा नकलकाराचा नसून झिजेचा. तिसरी चिप न्याय देते. उलट, बीबीसीची ०·१ ही पहिली आवृत्ति आणि १·२० ह्यांतील भेद कर्त्यांनीं स्वतः केलेला आहे. तो मिटवावयाचा नसून दोन्ही पाठ जपावयाचे.

आणि हा प्रश्न केवळ विलायती यंत्रांचा नव्हे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या ‘जिस्ट’ कार्डानें १९८० च्या दशकाच्या अखेरीस साध्या संगणकाच्या पडद्यावर देवनागरी आणली. तें लेखन ज्या संकेतांत होतें तो १९९१ सालीं प्रमाण म्हणून छापला गेला, म्हणून मजकूर उलगडतां येईल; पण कार्ड स्वतः कसें काम करी, तें कार्डांतील कार्यक्रम वाचल्याखेरीज कळावयाचें नाहीं.

कायद्याची अडचण सांगितली जाते, ती खोटी नाहीं. अधिकृत प्रतीच्या धारकास नाशापासून संरक्षण म्हणून नक्कल ठेवण्याची मुभा आहे. ती दुसऱ्यास देण्याची नाहीं. सिंक्लेअरचे हक्क विकत घेणाऱ्या ॲमस्ट्राड कंपनीनें १९९९ सालीं आपला मालकीहक्क राखून स्पेक्ट्रमचा मूळ कार्यक्रम वांटण्यास संमति दिली. सगळ्याच कंपन्या इतक्या उदार नसतात. कांहींचा तर आज मालक कोण हेंच सांगतां येत नाहीं. पण नोंद करण्यास कोणाची संमति लागत नाहीं. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेनें एक वही घालावी: यंत्राचें नांव, कोणत्या घरांतून आलें, चिपेवरील छापील अंक, वाचल्याची तारीख, पाठाची खूण. वाचकयंत्र लॅमिंग्टन रोडवर मिळतें. खिडकीवरचा कागद तेवढा उपटूं नये.