आधी तालीम, मग अंतराळ

मराठी वाहिन्यांवर विज्ञानकथा का दिसत नाही, असं या धंद्यातल्या कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: परवडत नाही. यान उभारायचं, परग्रह दाखवायचा, तर तेवढं बजेट मराठीत कुठून आणायचं? मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. २०१४ साली झी मराठीवर महेश कोठारे यांच्या संस्थेची ‘जय मल्हार’ सुरू झाली. मालिका रोजची, आणि तिच्यातला देवलोक, राक्षस, चमत्कार यांतलं बरंच काही संगणकावर रचलेलं. ती २०१७पर्यंत चालली. म्हणजे खंडोबासाठी व्हीएफएक्सचा खर्च निघतो आणि धूमकेतूसाठी निघत नाही. अडचण पैशाचीच असती तर ती दोघांनाही आली असती.

खरी गोष्ट अशी की चमत्काराला नियम लागत नाहीत. देवानं भंडारा उधळला आणि संकट टळलं, तर प्रेक्षक हात जोडतो. कसं टळलं, असं विचारत नाही. भुताचंही तेच. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली आली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला एक वाडा, अंधार, कुजबुज आणि मालवणी बोली एवढ्या भांडवलावर तिनं महाराष्ट्राला रात्री जागवलं. उत्तम काम होतं ते. पण तिथंही ‘असं का झालं’ या प्रश्नाचं उत्तर दर आठवड्याला बदललं तरी चालत होतं. विज्ञानकथेत ते चालत नाही. कालयंत्र एकदाच मागे जाऊ शकतं असं तिसऱ्या भागात सांगितलं असेल, तर दोनशेव्या भागात टीआरपी घसरला म्हणून ते दुसऱ्यांदा मागे पाठवता येत नाही. तसं केलं तर गोष्टच संपते.

आणि आपली मालिका कशी तयार होते ते पाहा. आठवड्याचे सहा दिवस, रोज साधारण २२ मिनिटांचा मजकूर. गोरेगावची चित्रनगरी, मढ, ठाण्याचा घोडबंदर रस्ता, अलीकडे कोल्हापूर, सातारा, नाशिक, कुठंही सेट असो, युनिटची धडपड एकच: ‘बँक’ टिकली पाहिजे, म्हणजे पुढचे चार भाग तरी हातात हवेत. गुरुवारी आकडे येतात आणि कथानक वळतं. संवाद कधी कधी त्याच सकाळी सेटवर पोचतात आणि कलाकार मेकअपच्या खुर्चीत बसून ते पाठ करतात. या कारखान्यात माणसं अतोनात कष्ट करतात, त्यांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. पण हा कारखाना सासू-सून, वाडा आणि वारसाहक्क यांच्याच मापानं बांधलेला आहे. त्यात विज्ञानकथा घातली की तिचं पौराणिक मालिकेत रूपांतर होणारच: चकाकते कपडे, गडगडाट आणि शेवटी वरदान.

गोंदिया शहराला लागून असलेल्या आमच्या फुलचूरसारख्या गावांत हिंदी आणि मराठी दोन्ही पडदे सारखेच पाहिले जातात. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. त्यामुळे माझ्या पिढीची विज्ञानकथेशी पडद्यावरची ओळख दूरदर्शनच्या हिंदीतूनच झाली. १९८९ची आनंद महेंद्रू यांची ‘इंद्रधनुष’ त्यातली सर्वांत शहाणी. काही मुलं संगणक जुळवतात आणि काळाच्या प्रवासाचा रस्ता उघडतो. आशुतोष गोवारीकर, उर्मिला मातोंडकर, गिरीश कार्नाड असे चेहरे तिच्यात होते. निर्मितीच्या दृष्टीनं तिची युक्ती सोपी होती: अद्भुताला घरात आणायचं. मग परग्रहाचा सेट लागत नाही, दिवाणखाना पुरतो. त्याच सुमाराची ‘स्पेस सिटी सिग्मा’ याच्या उलट टोकाची. तिथं सगळंच अंतराळात, आणि पुठ्ठा-पत्रा लपता लपत नव्हता. लहानपणी आम्हाला ते खटकलं नाही, हा प्रेक्षकांचा मोठेपणा.

मग १९९८मध्ये ‘कॅप्टन व्योम’. मिलिंद सोमण नायक, केतन मेहता दिग्दर्शक, आणि मेहतांच्याच ‘माया’ संस्थेत तयार झालेली संगणकचित्रं. बाविसाव्या शतकातली सूर्यमाला आणि निसटलेले गुन्हेगार. त्या काळात हे किती धाडसाचं होतं ते आकड्यातच पाहावं. आपल्या दूरचित्रवाणीवर सेकंदाला २५ चौकटी. २२ मिनिटांचा भाग म्हणजे ३३,००० चौकटी. त्यातल्या दहाव्या हिश्शात जरी यान किंवा ग्रह दिसत असेल, तरी एका भागासाठी ३,३०० चित्रं संगणकानं एकेक करून रंगवायची, तीही आजच्या साध्या मोबाइलपेक्षा दुबळ्या यंत्रांवर. ते काम त्या मंडळींनी करून दाखवलं. मालिका कमी पडली ती चित्रांत नाही, माणसांत. खलनायक येतात, हरतात, जातात. पण त्या जगात माणूस काय खातो, कशाला घाबरतो, भाडं कुणाला देतो, हे कळत नाही. लेखनाच्या मेजावर जे व्हायला हवं होतं ते संगणकावर ढकललं गेलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

जगात ज्या मालिकांनी हा प्रकार घडवला त्या श्रीमंत नव्हत्या, हे आपण विसरतो. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिची पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले तरुण. कालयंत्र कसं दाखवायचं? रस्त्यावरची पोलिसांची निळी खोकी तेव्हा इंग्लंडात सर्वांच्या ओळखीची होती, तेच यंत्र. ते बाहेरून लहान, आत मोठं. एवढ्या एका नियमावर साठ वर्षं गाडी चालली आहे. ते खोकं अदृश्य होतानाचा आवाज ब्रायन हॉजसन यांनी मोडक्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर घराची किल्ली घासून काढला आणि ध्वनिफितीवर त्याला वळणं दिली. शीर्षकसंगीताची चाल रॉन ग्रेनर यांची. पण डेलिया डर्बीशायर यांनी ती प्रत्यक्षात आणली फितीचे तुकडे कापून, जोडून. विकत मिळणारा सिंथेसायझर तोवर आलेला नव्हता. एकेक सूर म्हणजे फितीचा एकेक तुकडा. आज ते ऐकताना ‘भविष्य’ ऐकू येतं, आणि त्यामागे कात्री, चिकटपट्टी आणि किल्ली आहे.

अमेरिकेतली १९६६ची ‘स्टार ट्रेक’ही तशीच. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडेना, म्हणून माणसं झगमगत विरघळून खाली पोचतात ही कल्पना निघाली. यानावरच्या डॉक्टरची काही उपकरणं म्हणजे मुळात मिठाच्या कुप्या! अडचणीतून नियम आला आणि नियमातून गोष्टी सुचल्या. आपल्याकडे अडचण आली की दृश्यच गाळलं जातं.

बरं, ही हातचलाखी मराठी माणसाला नवी आहे का? दादासाहेब फाळक्यांनी भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून दाखवली. बी रुजतं, अंकुर फुटतो, वेल चढतो, सगळं डोळ्यांदेखत. याला विज्ञानपट नाही तर काय म्हणायचं? चित्रपट कसा तयार होतो याचाही चित्रपट त्यांनी काढला, म्हणजे ज्याला आज ‘मेकिंग’ म्हणतात तेही त्यांनी करून ठेवलं. पुढे प्रभातनं १९३४च्या ‘अमृतमंथन’मध्ये धर्मगुरूचा डोळा अख्खा पडदाभर आणला आणि १९३६मध्ये तुकोबांचं विमान उडवलं. प्रभातच्या त्याच पुण्याच्या आवारात १९६०पासून चित्रपटाचं राष्ट्रीय शिक्षण दिलं जातं. परंपरा नव्हती असं म्हणायची सोय नाही.

साहित्याचं तर विचारूच नका. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावानं ‘कृष्णविवर’ पाठवली आणि बक्षीस मिळवलं. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर: पन्नास वर्षांचं लेखन तयार पडलं आहे. २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं. मे २०२५मध्ये ते गेले तेव्हा वाहिन्यांनी तासभर श्रद्धांजली दाखवली. त्यांच्या कथा दाखवल्या असत्या तर जास्त बरं झालं असतं.

आणि हातही आपल्याकडेच आहेत. प्राइम फोकस ही मुंबईची कंपनी २०१४ साली लंडनच्या डबल निगेटिव्हशी एकत्र आली. ‘ड्यून’साठी ऑस्कर मिळवणारी डीएनईजी ती हीच, आणि तिची मुंबईत मोठी शाखा आहे. मुंबई-पुण्यात कितीतरी मुलं रात्रपाळीत ‘रोटो’ करतात, म्हणजे चौकटीमागून चौकट माणसाची कड कापतात, तारा पुसतात, वाळवंट जोडतात. दुसऱ्यांची विश्वं आपली पोरं घासूनपुसून देतात. त्यांना स्वतःच्या भाषेत काम द्यायला कुणी पुढे येत नाही.

विदर्भातून एक उदाहरण मात्र निघालं. नागपूरच्या आरती कडव यांचा ‘कार्गो’ हा हिंदी चित्रपट २०१९च्या मुंबईच्या मामि महोत्सवात आला, पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवर. पुष्पक नावाचं यान, त्यात राक्षस कर्मचारी, आणि मेलेल्या माणसांना पुनर्जन्मासाठी तयार करण्याचं सरकारी छापाचं काम. यानातली यंत्रं मुद्दाम जुनाट: जाड पडदे, ठळक बटणं. पण त्या जगाचा नियम पहिल्या काही मिनिटांत कळतो आणि शेवटपर्यंत मोडत नाही. एका सेटवर, मोजक्या पात्रांत हे होऊ शकतं. टाळेबंदीत त्यांनी ‘५५ किमी/सेकंद’ हा लघुपट तर कलाकारांना घरच्या घरी ठेवून केला.

इथं मला आमच्याकडची झाडीपट्टी रंगभूमी आठवते. गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरचं वडसा हे त्या रंगभूमीचं ठाणं. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) आणि मंडईच्या जत्रेच्या निमित्तानं गावोगाव रात्रभर नाटकं रंगतात, आणि २०२३मध्ये तिथले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून पुण्या-मुंबईतही तिचं नाव घेतलं जातं. तिथं विज्ञानकथा होत नाहीत. कौटुंबिक नाटकं, सूडनाट्यं आणि विनोदच जास्त. सगळी चांगली असतात असंही नाही. पण एक शिस्त आहे: नाटक आधी बसतं, मग गावात जातं. पडदे, प्रवेश, वादकांच्या जागा, कुणी कुठून यायचं हे तालमीत ठरतं. गुरुवारचे आकडे पाहून तिसऱ्या अंकातला बाप पुन्हा जिवंत होत नाही. दूरदर्शनच्या १३ भागांच्या मालिकांनाही हीच शिस्त होती, आणि मराठीतली चांगली दूरचित्रवाणी बरीचशी त्याच काळातली आहे, हा योगायोग नव्हे.

तेव्हा सुरुवात कुठून करावी? माझं मत ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ला. या नारळीकरांच्या कथेत इतिहासाचा प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतो जिथं १७६१ साली विश्वासराव वाचला, पानिपत मराठ्यांनी जिंकलं आणि मुंबईत मात्र अजून कंपनीचा अंमल आहे. यान नाही, परग्रह नाही, एक स्फोटही नाही. पण पडद्यामागे काम किती! रेल्वेच्या डब्यावर कुणाचं चिन्ह? फोर्टातल्या दुकानांच्या पाट्या कोणत्या? नाण्यावर कुणाचा चेहरा? विसावं शतक पाहिलेल्या मराठी साम्राज्याची मोडी लिपी छापखान्यात टिकली असेल का, की बाळबोधच राहिली असेल? पगडी कुणाच्या डोक्यावर उरली? लोक सभेत एकमेकांना काय म्हणून हाक मारतात? ग्रंथालयातली बखर कशी बांधलेली? प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर ठरवायचं आणि सगळ्या भागांत ते पाळायचं. यासाठी इतिहासाचा जाणकार, एक चांगला कलादिग्दर्शक, पाट्या रंगवणारा एक पेंटर आणि ध्वनीवर जीव टाकणारा एक माणूस लागेल. संगणकाचं काम शेवटी, तेही थोडं.

कथा छापलेली आहे. टाउन हॉल, आझाद मैदान आणि बोरीबंदर आहेत तिथंच उभी आहेत. एखाद्या वाहिनीनं आठ भाग द्यावेत आणि लेखकांना चित्रीकरणाआधी पुरतं एक वर्ष द्यावं.