पडद्यावरील पाठ आणि क्रियापदाचा लोप

वर्गातील पाठ विद्यार्थ्यांस आकर्षक कसा वाटावा, हा प्रश्न अलीकडे बहुधा साधनांचा प्रश्न म्हणून मांडला जातो. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत संगणक व प्रक्षेपक आले. महाविद्यालयांत तर स्लाइडशिवाय व्याख्यान अपुरे मानण्याकडे कल दिसतो. साधनांचे स्वागतच केले पाहिजे. तथापि त्यांच्याद्वारे पडद्यावर जी मराठी अवतरते, तिचे परीक्षण करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यातील निघोज यांच्यामध्ये कुकडी नदीच्या बेसाल्टी पात्रात रांजणखळगे आहेत. गावची माणसे त्या जागेस 'कुंड' म्हणतात. भूगोलाच्या पाठास याहून चांगला विषय मिळणे कठीण. त्यावरील स्लाइड सामान्यतः पुढील वळणाची होईल: 'वेगवान प्रवाह; भोवरे; गोट्यांचे घर्षण; खळग्यांची निर्मिती.' शेजारी एक सुंदर छायाचित्र.

येथे चार पदे वा पदबंध आहेत, पण क्रियापद एकही नाही. 'गोट्यांचे घर्षण' यातील षष्ठी कर्त्याची की कर्माची? गोटे घासतात, की घासले जातात? वस्तुतः दोन्ही घडते. पाणी भोवऱ्यात गोटे फिरविते, गोटे खडक कोरतात, आणि कोरता कोरता स्वतःही झिजून गुळगुळीत होतात. कार्यकारणाचा सारा उलगडा या क्रियापदांत आहे, आणि नेमकी तीच गाळली गेली आहेत.

दुसरी हानी अवधानाची होते. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. 'भोवऱ्यात सापडलेला गोटा खडकाला...' एवढे बोलून शिक्षक क्षणभर थांबला, की ऐकणाऱ्याचे मन ते वाक्य पुरे करू लागते. आपल्या शास्त्रकारांनी वाक्यार्थासाठी जी 'आकांक्षा' आवश्यक मानली, ती हीच. पडद्यावर निष्कर्ष आधीच झळकला की आकांक्षा उरत नाही. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतो आणि शिक्षकाचे बोलणे त्याच्या दृष्टीने पुनरुक्ती ठरते.

याचा अर्थ चित्र निरुपयोगी आहे, असा नव्हे. टाकळी हाजीच्या मुलीने कुंड पाहिलेले असते. तिला छायाचित्र फारसे नवे काही सांगत नाही. 'हे खळगे इतके गोल का?' हा प्रश्न मात्र तिला विचारास प्रवृत्त करतो. दौंडसारख्या रेल्वेच्या गावात घरी मराठीखेरीज अन्य भाषा बोलणाऱ्या मुलास चित्राचा मोठाच आधार वाटेल. परंतु नामांची यादी त्यालाही पुरत नाही. यादी न समजताही पाठ होते, परीक्षेत लिहिता येते आणि गुणही मिळवून देते. त्यामुळे न समजल्याचा पत्ता कोणालाच लागत नाही. सर्वांत अधिक चिंतेची बाब हीच आहे.

दौंड तालुक्यातील केडगावशी ज्यांचे कार्य कायमचे निगडित झाले, त्या पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता आणि मायदेशी आपल्या संस्थेच्या शिक्षणात ती आणली. या पद्धतीत चेंडू, घन अशा वस्तू मुलाच्या हाती दिल्या जातात. मूल त्या फिरविते, रचते, मोडते. वस्तू दाखवून शिक्षक थांबत नाही; तिच्याबरोबर क्रियाही येते. प्रक्षेपकाने वस्तू आणली खरी, पण क्रिया मागे राहिली.

तेव्हा पडद्यावर चित्र असावे, शक्यतो परिसरातील. वाक्य शिक्षकाच्या मुखी असावे. आणि त्या वाक्याचे अखेरचे क्रियापद प्रथम विद्यार्थ्याकडून यावे. मुद्द्यांचा लिखित सारांश उजळणीस उपयुक्त असतो, म्हणून तो पाठानंतर द्यावा, आणि तोही पूर्ण वाक्यांत. असा पाठ तयार करण्यास वेळ अधिक लागेल. मात्र त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागणार नाही.