तिसऱ्या कडव्यातला प्याला

डिट्रिख बॉनहॉफर हे जर्मन पाळक १९४४च्या डिसेंबरात बर्लिनमधल्या गेस्टापोच्या तळघरात कैदेत होते. १९ तारखेला त्यांनी आपली वाग्दत्त वधू मारिया हिला पत्र लिहिलं आणि नाताळची भेट म्हणून सोबत एक कविता पाठवली, तिच्यासाठी आणि आपल्या आईवडिलांसाठी. कडवी सात, प्रत्येकी चार ओळींची. भल्या, अदृश्य शक्तींनी आपल्याला वेढून राखलं आहे, ही तिची मध्यवर्ती भावना. लहान मुलं झोपताना देवदूतांचं गाणं म्हणतात, तशा राखणीची गरज मोठ्यांनाही तेवढीच असते, असं त्याच पत्रात आहे.

ही श्रद्धा हातावर हात ठेवून बसलेल्या माणसाची नव्हे. १९३९ साली अमेरिकेत सुरक्षित असताना ते आपणहून जर्मनीत परतले आणि पुढे हिटलरविरोधी कटात सामील झाले. (त्याआधी, अन्यायाशी झुंजण्याची गांधीजींची रीत जवळून पाहायची त्यांना ओढ होती, १ नोव्हेंबर १९३४ चं गांधीजींचं निमंत्रणही आलं होतं. भारतात येणं मात्र राहून गेलं.) २० जुलै १९४४ चा कट फसला, सप्टेंबरात त्यांना कटात गोवणारी कागदपत्रं सापडली आणि ऑक्टोबरात टेगेलच्या तुरुंगातून त्यांना या तळघरात आणलं गेलं. पुढे काय वाढून ठेवलं आहे, याची त्यांना कल्पना नसेल असं मानणं कठीण आहे.

कवितेत ‘मी’ येतो तो फक्त पहिल्या कडव्यात. तिथे कवी घरच्यांशी बोलतो: हे दिवस तुमच्यासोबत जगायचे आहेत, नव्या वर्षात तुमच्यासोबत जायचं आहे. दुसऱ्या कडव्यात ‘मी’चा ‘आम्ही’ होतो आणि बोलणं वळतं ते थेट प्रभूकडे. वाईट दिवसांचं ओझं अजून छातीवर आहे आणि जीव धास्तावलेला आहे, हे कवी लपवत नाही.

मग येतं तिसरं कडवं. माझ्या मते सगळी कविता याच्यावर तोललेली आहे. देवाने प्याला पुढे केला तर, अशी सुरुवात होते. प्याला जड आहे, मग कळतं की कडू आहे, मग कळतं की दुःखाचा आहे, आणि काठोकाठ भरलेला आहे. एकच वाक्य चार ओळी चालतं आणि ज्या हातातून प्याला घ्यायचा, तो प्रेमाचा हात अगदी शेवटच्या शब्दात दिसतो. तोवर वाचकाला कडूपणाच सोसावा लागतो. मूळ जर्मनमध्ये कडू आणि थरथरणं यांचं यमक जुळतं, तसंच काठ आणि हात यांचं. भीती आणि भरवसा असे एकाच कडव्यात बांधले आहेत. गेथशेमाने बागेतली येशूची प्रार्थना ज्याला ठाऊक आहे, त्याला हा प्याला ओळखीचा आहे. शक्य तर तो टळावा, असं येशूनेही म्हटलं होतं.

म्हणूनच चौथं कडवं मला फार मोलाचं वाटतं. या जगाचा आणि त्याच्या उन्हाचा आनंद पुन्हा मिळाला तर हवाच आहे, असं कवी मोकळेपणाने म्हणतो. हुतात्मा होण्याची हौस इथे नाही. पाचव्यात मेणबत्त्यांच्या उजेडात मागणं येतं: जमत असेल तर आम्हाला पुन्हा एकत्र आण.

ते जमलं नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिलं गेलं. त्याच महिन्यात त्यांचे भाऊ क्लाउस आणि दोन मेहुणेही मारले गेले.

ही कविता जर्मन चर्चमध्ये आज आवडीने गायली जाते. झिगफ्रीड फीट्स यांची १९७०ची चाल सर्वांत लाडकी. तिच्यात शेवटच्या कडव्याचं धृपद केलं आहे, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर दिलासा. चाल गोड आहे, पण मला ही रचना पटत नाही. बॉनहॉफर यांनी तो दिलासा सातव्या कडव्यापर्यंत राखून ठेवला होता. त्या कडव्यात मागणं संपलेलं आहे, देवाला हाक मारणंही थांबलेलं आहे. तो संध्याकाळी, सकाळी आणि येणाऱ्या प्रत्येक दिवशी आपल्याजवळ आहे, एवढंच घरच्यांना सांगितलं आहे. प्याला हाती घेण्याआधीच हे गाऊन टाकलं, तर सांगणाऱ्याने ते कुठून सांगितलं हे ऐकणाऱ्याला कळणार कसं?