उंची आणि ओसरी

दादरच्या साल्वासांव चर्चमध्ये, म्हणजे मुंबईकरांच्या तोंडी रुळलेल्या 'पोर्तुगीज चर्च'मध्ये, आप्तांच्या लग्नविधीस गेलो की विधी आटोपल्यावर आम्ही थोडा वेळ अंगणात रेंगाळतो. ही वास्तू १९७०च्या दशकात चार्ल्स कोरिया या मूळच्या गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबातील स्थापत्यकाराने घडविली. एकाच अवजड छपराखाली सारे न कोंबता त्यांनी काही जागा छपराखाली, तर काही आकाशाखाली ठेवल्या आणि त्या एकमेकींत गुंफल्या. रस्त्यावरून येणाऱ्या माणसाचे प्रथम स्वागत व्हावे, मग त्याने आत शिरावे, असा हा क्रम आहे. आपल्या जुन्या घरांच्या ओसरीचा धर्म याहून निराळा नव्हता.

त्या अंगणातून निघून प्रभादेवीमार्गे लोअर परळकडे चालू लागलो की दुसरेच स्थापत्य सामोरे येते. श्रीनिवास मिलच्या जागेवरचा 'वर्ल्ड वन' सुमारे २८० मीटर उंच आहे. श्रीराम मिलच्या जागेवरचा 'पॅले रॉयाल' तीनशे मीटरही ओलांडून गेला, मात्र न्यायालयीन वादांत तो वर्षानुवर्षे रखडला. याऱ्यांचे लांब हात आभाळात फिरत असतात आणि चार महिन्यांनी पुन्हा गेलो तर क्षितिजाची रेघ बदललेली असते. या उंचीकडे पाहून बाबेलच्या बुरुजाची आठवण काढणे सोपे आहे. आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. बेटावर वसलेल्या शहराने वर वाढावे, यात गर्व कसला? प्रश्न इतकाच की वर जाताना ते आपल्याबरोबर काय नेते आणि खाली काय ठेवते.

या प्रश्नाचे एक उत्तर कोरियांनीच देऊन ठेवले आहे. कंबाला हिलवरील त्यांची 'कांचनजंगा' ही इमारत १९८३ साली पूर्ण झाली. उंची सुमारे ८४ मीटर, घरे अवघी ३२. मुंबईत वारा आणि समुद्राचे दर्शन पश्चिमेकडून मिळते. पण तापलेले ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच येते. जुन्या बंगल्यांनी या पेचावर व्हरांड्याचा तोडगा काढला होता. कोरियांनी तो व्हरांडा उचलून आकाशात नेला. इमारतीचे कोपरे कोरून त्यांनी दोन मजले उंचीच्या गच्च्या केल्या. त्यामुळे विसाव्या मजल्यावरच्या माणसालाही घर आणि आभाळ यांच्यामध्ये उभे राहण्याची जागा लाभली. आता तिच्याहून कितीतरी उंच इमारती झाल्या, परंतु त्यांपैकी फार थोड्यांनी हा धडा गिरविला. काचेची सपाट भिंत उन्हात उभी करायची आणि मग यंत्राने आतला उकाडा उपसायचा, ही रीत सर्वत्र रूढ झाली.

आमचा याहून मोठा आक्षेप मात्र इमारतींच्या पायथ्याशी आहे. गिरणगावातील पुष्कळ मनोरे माणसांच्या घरांनी सुरूच होत नाहीत. आधी मोटारींसाठी मजल्यांवर मजले आणि त्यावर पोडियम. बाग असते ती त्या पोडियमवर, रहिवाशांपुरती. रस्त्याच्या वाट्याला येते ती बंद भिंत, फाटक आणि पहारेकरी. समोरच्या चाळीच्या गॅलरीत उभी असलेली बाई खाली भाजीवाल्याशी बोलते आणि पलीकडच्या पोरावर नजरही ठेवते. मनोऱ्याच्या त्या भिंतीला डोळाच नाही. शेजाऱ्याकडे पाठ करून बसलेल्या पाहुण्यासारखी ती वास्तू आम्हांस वाटते.

हे असेच व्हायला हवे होते काय? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर एकेक गिरणी थंडावत गेली. १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची त्रिभागणी सांगितली: एक वाटा महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी आणि एक मालकाकडे. १९९६ साली शासनाने या जमिनींच्या अभ्यासासाठी जो गट नेमला, त्याचे प्रमुख कोरियाच होते. जमिनींचा सुटासुटा विचार न करता त्या एकत्र आखाव्यात, म्हणजे मोकळ्या जागा तुकड्यांत वाया जाणार नाहीत, असा त्या गटाचा आग्रह होता. २००१च्या दुरुस्तीने वाटणी केवळ आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, माणसांचे लोंढे वाढले. वाटा मात्र अरुंदच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक असतील. पण उंची मोजणाऱ्या शहराने जमिनीवरची रुंदी मोजायची राहून गेली, हे त्या दिवशी उघडे पडले.

चाळीचे गोडवे गाऊन मनोऱ्याला झोडपणे हाही अप्रामाणिकपणाच ठरेल. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या आणि सामायिक संडासापुढची रांग ज्यांनी भोगली, त्यांना चाळीचे काव्य कुणी ऐकवू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तो आनंद खराच होता. 'कांचनजंगा'विषयीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे: ती गच्ची धनवंतांना परवडणारी होती. तथापि त्याच कोरियांनी बेलापुरात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीही घरे आखली आणि सात-सात घरांमध्ये एक छोटे अंगण ठेवले. अंगणाला पैशापेक्षा इच्छा अधिक लागते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आज पुनर्विकासाचे नकाशे मुंबईपुरते राहिलेले नाहीत; वसई-विरारपर्यंतच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या टेबलांवरही ते उलगडले जात आहेत. तेथे चर्चा होते ती चौरस फुटांची आणि मजल्याच्या क्रमांकाची. ती व्हावीच. पण सही करण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी नकाशावर बोट ठेवून आणखी एक विचारावे: संध्याकाळी म्हातारी माणसे बसतील कुठे, आणि दारावरून जाणारा शेजारी आपल्याला दिसेल कुठून? ज्या नकाशात याचे उत्तर सापडत नाही, तो कितीही मजल्यांचा असला तरी आमच्या लेखी अपुरा आहे.